जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार आणि साधनचिकित्सा : रामटेकच्या निमित्ताने काही विचार

आमच्या विभागातील पदव्युत्तर वर्गाचा एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीनंतर एक फुलस्केप कागद घेऊन माझ्याकडे आला. तो रामटेक तालुक्यातील राहणारा. घराच्या मागील छपरात त्याच्या आजोबांच्या काळापासून एक जीप उभी आहे. तिचे टायर जमिनीला चिकटले आहेत, बॉनेटवर कोंबड्या बसतात, आणि मधली अनेक वर्षे तिचा उपयोग कडब्याच्या पेंढ्या ठेवण्यापलीकडे झालेला नाही. ही गाडी पुनश्च चालती करावी असे त्याने मनावर घेतले होते. कागदावर त्या कामाची योजना क्रमवार लिहिलेली होती. तिची पहिली ओळ अशी होती : 'सर्व जुना रंग खरवडून पत्रा उघडा करणे.' दुसऱ्या ओळीत सैनिकी हिरवा रंग आणि बॉनेटवर पांढरा तारा काढण्याचा संकल्प होता. माझा अभिप्राय त्याला पाहिजे होता तो खर्चाविषयी. खर्चाच्या बाबतीत माझे ज्ञान बेताचेच. पहिली ओळ वाचून मात्र मला रामटेकच्या टेकडीवरील एका भिंतीची आठवण झाली, आणि त्यातून जे बोलणे निघाले त्याचाच विस्तार म्हणजे प्रस्तुत निबंध होय.

मोटार ही इतिहाससंशोधनाचा विषय होऊ शकते काय, असा प्रश्न कोणी करील. ताम्रपट, नाणी, बखरी आणि दप्तरे यांच्या पंक्तीस पेट्रोलवर चालणारे यंत्र बसविणे काहींना अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. परंतु साधन म्हणजे भूतकाळातील मानवी व्यवहाराने मागे ठेवलेली खूण, ही व्याख्या एकदा स्वीकारली म्हणजे मग ती खूण तांब्यावर कोरलेली आहे की पोलादी पत्र्यावर ठोकलेली आहे याने फरक पडत नाही. यापलीकडे या शंकेचा विचार करण्याचे कारण मला दिसत नाही.

रामटेकच्या टेकडीवरील वाकाटककालीन मंदिरे विद्वान वाचकांना परिचित आहेत. ऋद्धपूर ताम्रपटात रामगिरिस्वामींच्या चरणांचा उल्लेख येतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामगिरी म्हणजेच रामटेक हे मत आग्रहाने मांडले. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. आपल्या विषयापुरते महत्त्व आहे ते केवल-नरसिंहाच्या देवळाला. या देवळाच्या भिंतींवर शतकानुशतके चुन्याचे लेप चढत गेले होते. देवळाची डागडुजी म्हणून भाविकांनी आणि कारभाऱ्यांनी सद्भावनेनेच ते चढविले असणार. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी तेथे दुरुस्तीचे काम चालू असता लेप काढला गेला आणि त्याखालून एक संस्कृत शिलालेख उजेडात आला. लेख त्रुटित आहे. तथापि वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिच्या घराण्याविषयी आणि तिच्या नावाने स्थापन झालेल्या देवतेविषयी त्यातून जे कळले, ते अन्य कोणत्याही साधनातून कळले नव्हते. श्री. अ. प्र. जामखेडकर यांनी या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे हान्स बाकर व हरुनागा आयझॅक्सन यांनी १९९३ साली त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली.

या घटनेतून दोन परस्परविरुद्ध बोध घेता येतात. एक असा की, लेप काढला म्हणून लेख सापडला. तेव्हा खरवडणे चांगले. दुसरा असा की, लेपाखाली काय असेल हे आधी कोणासच ठाऊक नव्हते. तेव्हा खरवडणाऱ्याचा हात जड असता, अथवा छिन्नीऐवजी तेथे यंत्र फिरले असते, तर लेख सापडण्याच्या क्षणीच नष्ट झाला असता आणि आपण काय गमावले हेही आपणांस समजले नसते. माझ्या विद्यार्थ्याने पहिला बोध घेतला होता. मी त्याला दुसरा घेण्यास सांगितले.

येथे एका जुन्या शब्दाची चर्चा अप्रस्तुत होणार नाही. प्राचीन दानपत्रांत देवालयांना वा विहारांना जमीन देताना तिच्या उत्पन्नाचा विनियोग सांगितलेला असतो, आणि त्यात 'खण्डस्फुटितसंस्कार' अशा अर्थाची पदावली वारंवार आढळते. खंडित झालेले आणि तडकलेले जे असेल त्याची दुरुस्ती, एवढाच तिचा अर्थ. नवे बांधण्याचा अथवा मूळचे रूप पुन्हा आणून देण्याचा अभिप्राय तीत नाही. मराठीत रूढ असलेला 'जीर्णोद्धार' हा शब्द अधिक महत्त्वाकांक्षी आहे. जीर्णाचा उद्धार करावयाचा म्हणजे त्याला वर काढावयाचे. आणि वर काढण्याच्या उत्साहात कित्येक ठिकाणी जुने पाडून ग्रॅनाइटच्या फरशा बसविल्या गेल्या, हे आपण गावोगावी पाहिले आहे.

युरोपात हाच वाद एकोणिसाव्या शतकात गाजला. फ्रान्समधील वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक याचे मत असे की, वास्तूचा पुनरुद्धार म्हणजे तिला पूर्णावस्थेस नेणे. मग अशी पूर्णावस्था पूर्वी कोणत्याही एका क्षणी प्रत्यक्षात नसली तरी हरकत नाही. इंग्लंडमध्ये रस्किनने यावर कठोर टीका केली आणि विल्यम मॉरिसने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढून खरवडण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध मोहीम उघडली. त्या संस्थेला विनोदाने 'खरवड-विरोधी' असे नाव पडले होते. १९६४ च्या व्हेनिस सनदेत या वादाचा बराचसा निकाल लागला : वास्तूवर सर्व कालखंडांनी जे ग्राह्य संस्कार केले त्यांचा मान राखावा, आणि जेथे तर्काला आरंभ होतो तेथे पुनरुद्धाराचे काम थांबावे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या 'फिवा'ने, हीच तत्त्वे वाहनांना लागू करणारी ट्युरिन सनद २०१२ साली स्वीकारली. तीत जतन, संधारण आणि पुनरुद्धार यांत भेद केलेला आहे. व्यवहारात नवशिका मनुष्य तिसऱ्यापासूनच आरंभ करतो, कारण तिन्हींत डोळ्यांना दिसणारे फळ त्याचेच असते.

आता जीपकडे वळू. आपल्याकडे 'जीप' हा शब्द एका विशिष्ट गाडीचा न राहता एका आकृतीचा झाला आहे. उघडी, चौकोनी आणि चारही चाकांना जोर देणारी कोणतीही गाडी ती जीप. यास्तव पहिला प्रश्न ओळखीचा. विद्यार्थ्याच्या घरात परंपरा अशी की ही 'लढाईतली अमेरिकन जीप' आहे. घरातील परंपरा हे साधन आहे, परंतु ते बखरीच्या योग्यतेचे. त्याची परीक्षा झाल्यावाचून ते स्वीकारता येत नाही. या परीक्षेत इतिहासाच्या विद्यार्थ्याला परक्या वाटाव्या अशा गोष्टी थोड्याच आहेत.

अमेरिकन सैन्यासाठी १९४० साली बॅन्टम या लहानशा कंपनीने पहिला नमुना तयार केला. परंतु मोठ्या प्रमाणावरील उत्पादन गेले ते टोलेडो येथील विलिस-ओव्हरलँड कंपनीकडे आणि फोर्डकडे. विलिसची ती 'एम्.बी.' आणि फोर्डची ती 'जी.पी.डब्ल्यू.'. १९४१ ते १९४५ या काळात दोहोंनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनविल्या. दोन्हींचे आराखडे एकच, सुटे भाग परस्परांना लागू. तरी त्या ओळखता येतात. रेडिएटरच्या पुढील खालचा आडवा दांडा विलिसमध्ये नळीसारखा गोल असतो, फोर्डमध्ये उलट्या पन्हळीसारखा. फोर्डने आपल्या कित्येक भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, आपले 'एफ्' हे अक्षर उठविलेले आहे. विलिसच्या चॅसीचा क्रमांक डाव्या पट्टीच्या आतील बाजूस रिव्हेट केलेल्या लहान पाटीवर, तर फोर्डचा क्रमांक डाव्या पट्टीच्या माथ्यावर थेट ठोकलेला. पाटी गळून पडू शकते अथवा दुसऱ्या गाडीवर जाऊ शकते. ठोकलेला आकडा सहसा जात नाही. ताम्रपटाची कडी तुटली असता मुद्रा मूळचीच काय, ही शंका आपण घेतो. तीच शंका येथेही घ्यावयाची.

नागरी जीप ओळखण्याच्या खुणा निराळ्या आहेत. पत्र्यातून कापलेल्या जाळीला सैनिकी गाडीत नऊ उभे गाळे असतात आणि युद्धोत्तर नागरी गाडीत सात. सैनिकी गाडीला मागे उघडणारे फळकूट नसते. नागरी गाडीला ते असते. दिवे सैनिकी गाडीत लहान व आत घेतलेले असून बिजागरीवर उलटे फिरवून इंजिनावर प्रकाश पाडता येतो. नागरी गाडीत ते मोठे आहेत. बॉनेट उंच असेल तर गाडी 'सी.जे.-३बी' या प्रकारची. हा प्रकार अमेरिकेतच १९५३ साली निघाला, आणि पुढे महिंद्र आणि महिंद्र कंपनीने भारतात दीर्घकाळ चालविला. म्हणजे उंच बॉनेट दिसले की लढाईची कथा तेथेच संपली. चक्र डावीकडे की उजवीकडे, हे मात्र निर्णायक मानता येत नाही, कारण आपल्या मिस्त्रींनी डावीकडची चक्रे उजवीकडे नेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

एवढे लक्षण जुळवून विद्यार्थ्याने जी नोंद केली ती मनोरंजक निघाली. चॅसी फोर्डची, सैनिकी. जाळी सात गाळ्यांची, अर्थात नंतर बसविलेली. चक्र उजवीकडे. मागील भाग स्थानिक लोहाराने वाढवून दोन बाके बसविली आहेत. इंजिन डिझेलवर चालणारे, मूळच्या ६० अश्वशक्तीच्या चार नळकांड्यांच्या पेट्रोल इंजिनाशी ज्याचे दूरचेही नाते नाही. जुन्या पोथीत मध्येच दुसऱ्या हस्ताक्षरातील पाने यावीत तसा हा प्रकार. पोथी बनावट ठरत नाही. तिचे पान-पान स्वतंत्रपणे तपासावे लागते, इतकेच.

हा मिश्र देह कसा तयार झाला याचे उत्तर भारताच्या आर्थिक इतिहासात सापडते, आणि ते सांगितल्यावाचून जीर्णोद्धाराची कोणतीही योजना करणे मला धाडसाचे वाटते. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत जुळणीचा कारखाना काढला होता. फोर्डचाही येथे कारभार होता. युद्ध संपल्यावर सैन्याकडील अतिरिक्त वाहने विक्रीस निघाली आणि ठेकेदार, जमीनदार, खाणवाले यांनी ती घेतली. रामटेकशेजारी मनसर येथे मँगेनीजच्या खाणी आहेत. खाणीच्या कच्च्या वाटांवर चालेल असे वाहन त्यांना हवेच होते. महिंद्र कंपनीने, जी १९४५ साली महिंद्र आणि महंमद या नावाने सुरू झाली आणि १९४८ मध्ये आजच्या नावाने ओळखली जाऊ लागली, जीपची जुळणी हाती घेतली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी १९४४ ची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या निघू लागल्या. त्यानंतर १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने असे धोरण धरले की, ज्यांच्यापाशी देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी केवळ परदेशी भाग आणून जुळणी करू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड येथून गेले. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यांवर राहिल्या.

पुढील तीन-चार दशके या गाड्या कशा चालल्या, हा विषय प्रबंधाच्या योग्यतेचा आहे. कोणी विद्यार्थ्याने तो घ्यावा अशी माझी सूचना आहे. सुटे भाग आयात करण्यावर कडक निर्बंध होते, परकीय चलन दुर्मीळ होते. जो भाग मिळत नसे तो लेथवर घडविला जाई, दुसऱ्या गाडीचा कापून बसविला जाई, अथवा त्याच्यावाचून भागविले जाई. नळकांडी झिजली की रिबोअर करावयाची, पुन्हा झिजली की बाही बसवून पुन्हा रिबोअर करावयाची. डिझेल स्वस्त आणि पेट्रोल महाग झाल्यावर सबंध इंजिनच बदलावयाचे. या सर्व व्यवहाराची लेखी नोंद जवळजवळ नाही. ती आहे ती गाड्यांच्या अंगावर. एखाद्या जोडावरचे वेल्डिंग, एखाद्या ब्रॅकेटसाठी वापरलेली बैलगाडीची लोखंडी धाव, एखाद्या स्प्रिंगेच्या पात्यावर लोहाराने मारलेली खूण, ही या तुटवड्याच्या अर्थव्यवस्थेची मूळ कागदपत्रे होत. मूळ स्वरूपाच्या आग्रहाने ती आपण फेकून दिली, तर टोलेडो किंवा डिअरबॉर्न येथे लाखोंच्या संख्येने निघालेल्या गाड्यांत आणखी एकीची भर पडेल, आणि रामटेकची एकुलती एक गाडी जगातून नाहीशी होईल.

येथे रामटेकचीच टेकडी पुन्हा साक्षीस येते. तिच्यावर वाकाटकांची देवळे आहेत, यादवकालीन लक्ष्मणमंदिरातील रामचंद्रदेवाच्या काळचा लेख आहे, भोसल्यांच्या काळातील बांधकाम आहे. वाकाटकांचे तेवढे अस्सल आणि बाकीचे उपरे, असे समजून कोणी यादवांचे आणि भोसल्यांचे काम काढावयास निघाला तर आपण त्यास वेड्यात काढू. विद्यार्थ्याची जीप युद्धात असली तर दोन-तीन वर्षे असेल. रामटेकच्या परिसरात तिने त्याच्या दसपट काळ माणसे आणि माल वाहिला आहे. पांढरा तारा काढून आपण तिचे कोणते चरित्र सांगणार?

तरीही सैनिकी थर शोधणे योग्यच आहे, फक्त तो शोधण्याची रीत वेगळी. युद्धकाळात अमेरिकन सैन्याच्या गाड्यांच्या बॉनेटच्या दोन्ही बाजूंस नोंदणी क्रमांक रंगवीत. जीपच्या क्रमांकाचा आरंभ २० या आकड्यांनी होई. आरंभी हे आकडे निळसर करड्या रंगात, पुढे पांढऱ्या रंगात. इतर सैन्यांकडे गेलेल्या गाड्यांवर त्या त्या सैन्याचे क्रमांक चढले. नंतरच्या मालकांनी त्यावर रंग दिला तो बहुधा जुना न काढताच, कारण काढण्याला मजुरी पडते. आळसाने इतिहासावर केलेल्या उपकारांची यादी कधी झाली तर त्यात याची गणना करावी लागेल! बॉनेटच्या बाजूला वीतभर जागा निवडून बारीक पॉलिश-पेपरने, पाणी घालून, हलक्या हाताने घासत गेले म्हणजे थर एकामागून एक उघडतात आणि झाडाच्या खोडातील वलयांसारखी कडे दिसू लागतात. प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी. कोरडे घासू नये. जुन्या रंगात शिसे असते आणि त्याची भुकटी श्वासावाटे जाणे घातक आहे. ज्या रंगकाम करणाऱ्याकडे गाडी सोपवावयाची तो हे करणार नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. तो रंगाचे पैसे घेतो. हे काम मालकाने स्वतः, गाडी घराबाहेर जाण्यापूर्वी करावयाचे आहे.

दुसरे साधन कागदपत्रांचे. तरुण हौशी माणूस कागदांकडे शेवटी पाहतो. अनुभव असा की ते प्रथम पाहावेत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली मध्यप्रांत-वऱ्हाडातील गाड्यांस 'सी.पी.' ही अक्षरे मिळत. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी होते. पुढे १९५० मध्ये प्रांताचे मध्यप्रदेश राज्य झाले, १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६० च्या मे महिन्यात महाराष्ट्रात. रामटेकच्या छपरातून न हलता एखाद्या गाडीने चार राज्यकारभार पाहिले असतील. तिच्या नोंदणी-पुस्तकातील शिक्के हे विदर्भाच्या राजकीय स्थित्यंतराचे लहानसे दप्तरच होय. सांप्रत नागपूर ग्रामीणची अक्षरे 'एम्.एच्. ४०' अशी आहेत. पुस्तक हरवले असेल, अथवा गाडी तीन हातांनी विकली जाऊन नाव पहिल्याच मालकाचे राहिले असेल, तर वारसांचा शोध आणि नावाचे हस्तांतर यांचा निकाल लागेपर्यंत पैसे खर्च करू नयेत. मी स्वतः तरुणपणी एका मित्राबरोबर एका जुन्या गाडीच्या कामात वर्षभर राबलो होतो. गाडी सुरेख झाली. कागद न मिळाल्यामुळे ती अंगणाच्या फाटकाबाहेर कधीच गेली नाही, आणि शेवटी मित्राने ती भंगाराच्या भावाने दिली.

या कागदांना २०२१ पासून नवे महत्त्व आले आहे. त्या वर्षीच्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने तीत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणी ५ हजारांत, क्रमांकात 'व्ही.ए.' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती यांपुरतीच मुभा. मुख्य अट अशी की चॅसी, शरीराचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी.

या शब्दांचा अर्थ लावताना आमच्या विद्यार्थ्यापुढे दोन पेच उभे राहिले. पहिला कालगणनेचा. पन्नास वर्षे मोजावयाची ती पहिल्या नोंदणीच्या दिनांकापासून, कारखान्यातून निघाल्याच्या वर्षापासून नव्हे. सैन्यातील गाडी नागरी नोंदणीत नसते. समजा, १९४४ साली बनलेली गाडी सैन्याने १९७८ साली लिलावात काढली आणि तेव्हा तिची प्रथम नोंदणी झाली. तर नियमाच्या अक्षरांप्रमाणे ती २०२८ पर्यंत 'जुनी' होत नाही. वस्तूचे वय एक आणि दप्तरातील वय निराळे, हा अनुभव शिलालेखाच्या अभ्यासकास नवा नाही. दुसरा पेच इंजिनाचा. डिझेल इंजिन ठेवावे तर मूळ स्वरूप राहिले नाही. ते काढून जुन्या प्रकारचे पेट्रोल इंजिन मिळवून बसवावे तर तोही बदलच, आणि त्याचा क्रमांक पुस्तकाशी जुळणार नाही. फोर्डच्या सैनिकी गाडीत इंजिनाचा आणि चॅसीचा क्रमांक आरंभी एकच असे. ते मूळ इंजिन आता कोठे असेल हे कोण सांगणार? कोणताही बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि पूर्वीच्या इंजिन-बदलाची नोंद पुस्तकात झाली आहे की नाही हे पाहावे, एवढेच मी सुचवू शकलो. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस असाव्यात, तालुक्याच्या जीपा नसाव्यात, अशी शंका मात्र मला येते. जिने पोट भरले ती गाडी मूळ स्वरूपात राहणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट आहे, आणि म्हणून या अटीमुळे श्रीमंतांच्या गाड्या वारसा ठरतात व कष्टकऱ्यांच्या गाड्या भंगार ठरतात. विद्यापीठांतून या बाबतीत काही लिहिले जावे.

विद्यार्थ्याने माझ्याशी एके ठिकाणी वाद घातला, आणि त्यात त्याची बाजू बरोबर होती. तो म्हणाला, "सर, देऊळ जागेवर उभे असते. गाडी चालली नाही तर ती गाडीच नाही. मला ती मनसरच्या चौकापर्यंत तरी न्यायची आहे." यंत्राचा अर्थ त्याच्या गतीत आहे हे मान्य केले पाहिजे, आणि गती आली की दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न येतो. मनसरहून जाणारा नागपूर–जबलपूर हमरस्ता आता चौपदरी आहे; त्यावर ऐंशी वर्षांपूर्वीचे ब्रेक घेऊन जाणे हा इतिहासप्रेमाचा भाग होऊ शकत नाही. तेव्हा ब्रेकचे सिलिंडर व नळ्या, टायर, चक्राचे सांधे, विजेच्या तारा हे सर्व नवे घालावे, यात मी तडजोड सुचविली नाही. पेट्रोलचे इंजिन पुढेमागे बसवलेच, तर इंधनाच्या रबरी नळ्या व पडदेही बदलावे लागतील, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही. फक्त जे काढले ते फेकू नये. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधावी. कोठून काढला, केव्हा काढला, काय बिघडले होते, हे तीत लिहावे, आणि तो पेटीत ठेवावा. जो भाग नवा घातला त्याच्या न दिसणाऱ्या बाजूस वर्ष कोरावे. पुढच्या अभ्यासकाची आपण फसवणूक करीत नाही, एवढी ग्वाही त्यातून मिळते.

आणखी एक साधन आहे, आणि ते सर्वांत नाशवंत. या गाडीवर ज्यांनी काम केले त्यांपैकी एक मिस्त्री अजून हयात आहेत. वय पंच्याऐंशीच्या पुढे. विद्यार्थी त्यांच्याकडे 'इंजिन कोणी बांधले' हे विचारण्यास गेला आणि तीन तास बसला. मौखिक साक्षीत सन चुकतात, माणसे एकमेकांच्या जागी येतात. परंतु हात चुकत नाहीत. छपरात आणून गाडीपुढे बसविल्यावर त्यांनी चॅसीच्या खालून बोट फिरवून एक जोड दाखविला आणि तो आपल्या उस्तादांचा असल्याचे सांगितले. आपला जोड आपण वेगळ्या बाजूने संपवीत असू, असे त्यांचे म्हणणे. पाहिले तर दोन जोड खरोखरच दोन रीतींचे निघाले. लिपिशास्त्रात आपण अक्षरांच्या वळणावरून लेखक ओळखतो; वेल्डिंगच्या वळणावरून कारागीर ओळखता येतो हे मला त्या दिवशी कळले. ही बैठक ध्वनिमुद्रित करून ठेवली आहे.

योजनेचा कागद आता तिसऱ्यांदा लिहिला गेला आहे. पहिल्या ओळीत छपराची कौले बदलण्याचे काम आहे, कारण पाऊस आत येत असता पत्र्यावर केलेला कोणताही खर्च वाया जातो. त्यानंतर छायाचित्रे, मोजमापे, नोंदवही, मग कागदपत्रे, मग ब्रेक आणि चाके, इंजिनाचा निर्णय परिवहन कार्यालयाचे उत्तर येईपर्यंत राखून ठेवला आहे. लोहाराने केलेली बाके राहणार आहेत. रंगाची ओळ शेवटी गेली असून तिच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. बॉनेटच्या डाव्या बाजूस वीतभर जागा घासून झाली. वरचा निळा थर गेला, त्याखाली पिवळा आला, त्याखाली काळपट हिरवा. आणि हिरव्यावर पांढऱ्या रंगातील एका आकड्याची खालची कमान दिसते आहे. तो २ आहे की ३, याविषयी आमच्या विभागात मतभेद आहेत. पुढचा भाग पावसाळा संपल्यावर उघडावयाचा असे ठरले आहे.